चेकपॉइंटवर उभं राहून नोंदी कशा घ्यायच्या: रांग, घड्याळ आणि वही

पहाटेचे पावणेचार. वेस्ट बँक म्हणजे इस्रायलच्या ताब्यातला पॅलेस्टिनी प्रदेश, त्यातल्या बेथलेहेमच्या उत्तर टोकाला इस्रायलने बांधलेल्या उंच काँक्रीटच्या भिंतीला चिकटून एक लांब अरुंद गल्ली आहे, दोन्ही बाजूंनी लोखंडी गज, वर पत्रा, आणि त्या गल्लीत पलीकडे बांधकामावर जाणारी पॅलेस्टिनी माणसं एकमेकांच्या पाठीला छाती लावून उभी असायची. डब्याच्या पिशव्या डोक्यावर धरलेल्या, कारण खाली धरल्या तर चेंगरतात. विरार लोकलच्या दारात लटकलेल्या माणसाला ती गर्दी ओळखीची वाटेल, फक्त इथे गाडी कधी सुटणार हे गाडीतल्यांना माहीत नसायचं, ते आतला इस्रायली सैनिक ठरवायचा. हा चेकपॉइंट ३००. इथून जेरुसलेम अगदी जवळ. मी २०१७ साली तीन महिने एका सोबत-कार्यक्रमातून (बाहेरच्या लोकांनी तिथल्यांसोबत राहायचं, पाहिलेलं नोंदवायचं) तिथे होते, ब्रिटनमधून गेले होते, आणि माझं काम काय तर गल्लीच्या तोंडाशी उभं राहून माणसं मोजायची, वेळ लिहायची, आणि सैनिक कसे वागतात ते लिहायचं.

लोक विचारतात की नुसतं उभं राहून लिहिण्याने काय होतं. त्याचं उत्तर खाली कामातूनच येईल, पण एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे: तुमची नोंद तेवढीच कामाची जेवढी ती भांडणात टिकते. समोरचा म्हणणार की असं झालंच नाही, तेव्हा तुमच्याकडे "खूप वेळ", "भयंकर गर्दी", "उद्धट सैनिक" असेल तर तुम्ही हरलात. "०५:१२ ला गेट बंद, ०५:३१ ला उघडलं, रांगेत अंदाजे सहाशे" असेल तर त्याला बोलावं लागतं.

हे काम कोण करत आलंय

माखसोम वॉच हे नाव सगळ्यात आधी यायला हवं. माखसोम म्हणजे हिब्रूत अडथळा, नाका. दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, सप्टेंबर २००० मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २००१ मध्ये जेरुसलेममधल्या तीन इस्रायली बायकांनी हे सुरू केलं. संघटना फक्त बायकांची, त्यात आजी वयाच्या बऱ्याच. दोघी-तिघींनी मिळून सकाळ-संध्याकाळची पाळी करायची, आल्यावर रिपोर्ट लिहायचा, तो सगळ्यांना वाचायला खुला ठेवायचा. स्वतःच्याच देशाच्या सैन्यावर नजर ठेवायची आणि नाक्यावर उभा असलेला पोरगा आपल्या नातवाच्या वयाचा आहे हेही डोळ्यांसमोर, हे सोपं नाही. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

दुसरा, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसचा सोबत-कार्यक्रम, जेरुसलेमच्या चर्चप्रमुखांनी हाक दिल्यावर २००२ मध्ये सुरू झालेला, त्यात वेगवेगळ्या देशांतले लोक तीन-तीन महिने येऊन राहतात. आणि तिसरं हेब्रॉन या वेस्ट बँकमधल्या शहरातलं आंतरराष्ट्रीय निरीक्षक मिशन, १९९४ मध्ये इब्राहिमी मशिदीत हत्याकांड झालं त्यानंतर दोन्ही बाजूंच्या संमतीने आलेलं, त्यांचे रिपोर्ट गोपनीय असायचे, फक्त संबंधित सरकारांना जायचे, आणि जानेवारी २०१९ मध्ये इस्रायलने मुदत वाढवून दिली नाही तेव्हा ते बंद झालं. हा फरक लक्षात ठेवा, कारण तुमच्या गटालाही पहिल्या दिवशी हेच ठरवायचंय: रिपोर्ट उघड की बंद. बंद रिपोर्ट असेल तर अधिकारी बोलतात, पण मिशन गेलं की लोकांच्या हातात काही उरत नाही. माझं मत उघडच्या बाजूने आहे, नावं-चेहरे काढून, पण उघड.

पहिलं काम: काय मोजायचं ते एका कागदावर

प्रत्येक चेकपॉइंट वेगळा असतो. चेकपॉइंट ३०० किंवा रामल्लाह आणि जेरुसलेमच्या मधला कलंदिया म्हणजे टर्मिनल, हजारो माणसं पायी जायची. हेब्रॉनमध्ये शुहादा रस्त्याच्या तोंडाशी चेकपॉइंट ५६ आहे, तिथे शाळेत जाणारी पोरं आणि शिक्षक मोजायचे, दप्तरं उघडली का ते लिहायचं. ज्यांची जमीन भिंतीपलीकडे राहिली त्या शेतकऱ्यांसाठीची भिंतीतली गेटं वेगळीच, ती दिवसातून ठरावीक वेळी थोडा वेळ उघडतात, काही तर फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हच्या तोडणीला, तिथे मोजायचं ते म्हणजे किती मिनिटं उघडं होतं, किती शेतकरी गेले, ट्रॅक्टर आणि गाढवं सोडली की नाही. मग आधी जागा बघून या, मग फॉर्म बनवा, दुसऱ्याचा फॉर्म उचलू नका.

पायी टर्मिनलसाठी मी एवढं धरेन: दर अर्ध्या तासाला किती माणसं आत गेली, त्यात बायका आणि मुलं किती, रांग किती लांब, पहिलं गेट किती वेळा आणि किती मिनिटं बंद राहिलं, आत किती खिडक्या चालू, किती जण परत पाठवले आणि काय कारण सांगितलं, मानवतावादी गेट किती वाजता उघडलं. यापेक्षा जास्त धरलंत तर पहाटे चारला थंडीत तुम्ही यातलं काहीच नीट करणार नाही.

मानवतावादी गेट म्हणजे बायका, म्हातारे, आजारी, शाळकरी मुलं यांच्यासाठीची बाजूची वाट. ती कागदावर असते. प्रत्यक्षात किल्लीवाला आला तर उघडते. म्हणून तिच्या वेळा लिहिणं फार महत्त्वाचं, कारण नियम काय म्हणतो आणि घडतं काय यातलं अंतर तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसतं.

जायच्या आधी

एकट्याने जायचं नाही. किमान दोघं, एक मोजणारा, एक लिहिणारा आणि बोलणारा. दर तासाला अदलाबदल, कारण मोजणाऱ्याचं डोकं तासाभरात बधिर होतं.

शब्द शिकून घ्या, रांगेतली माणसं जे वापरतात तेच. हाजेझ म्हणजे नाका. तस्रीह म्हणजे परमिट. हविय्या म्हणजे ओळखपत्र. इर्तिबात म्हणजे सैन्याचं ते समन्वय कार्यालय जिथून परमिट मिळतं किंवा नाकारलं जातं, हिब्रूत त्यालाच माताक म्हणतात. आणि मेट्रो स्टेशनवर असतं तसं, पण माणसाच्या उंचीचं, लोखंडी दांड्यांचं फिरतं गेट असतं ना, त्याला तिथले लोक मआता म्हणतात. मूळ अर्थ कोंबडीची पिसं उपटायचं मशीन. हा एक शब्द कळला की गेटमध्ये दोन दांड्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाला काय वाटतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

घड्याळ. हे किरकोळ वाटेल पण नाहीये. इस्रायल आणि पॅलेस्टाइन उन्हाळी वेळ वेगवेगळ्या तारखेला बदलतात, कधी काही दिवसांचा फरक, २०२३ मध्ये रमजानमुळे तर पॅलेस्टाइनने एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबवला होता. त्या काळात भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे एका तासाचं अंतर, आणि भिंतीजवळ फोन कधी या नेटवर्कवर कधी त्या, आपोआप एक तास पुढे-मागे उडी मारतो. फोनची आपोआप वेळ बंद करा, साधं मनगटी घड्याळ लावा, जोडीदाराशी सेकंदापर्यंत जुळवा, आणि रिपोर्टच्या वर लिहा की वेळ कुठली धरली आहे.

सामान थोडंच: छोटी वही, दोन पेन्सिली (पेन थंडीत आणि पावसात दगा देतं), पासपोर्ट, पाणी, आणि क्लिकर. क्लिकर म्हणजे काय तर आई नामजपाला बोटात घालते तो काउंटर, तोच. मी माझा आईकडूनच नेला होता. दोन ठेवा, एक पुरुषांसाठी एक बायकांसाठी, डाव्या-उजव्या हातात, आणि कुठला हात कुणासाठी हे कधीच बदलू नका.

व्हिसा आणि एअरपोर्टबद्दल एवढंच की विमानतळावरून परत पाठवू शकतात, तो धोका धरूनच निघा, गटाने दिलेल्या सूचना पाळा, आणि फोनमध्ये रांगेतल्या कुणाचं नाव-नंबर ठेवून विमानतळावर जाऊ नका.

मोजायचं कसं

जागा अशी निवडा की एका वेळी एकच माणूस तुमच्या डोळ्यांसमोरून जाईल. म्हणजे मआताच्या जवळ, पण वाटेत नाही. पहिल्या दिवशी मी गल्लीच्या मध्ये उभी राहिले, मला वाटलं दोन्हीकडचं दिसेल, आणि दिसलं काय तर फक्त पाठी. माणूस फिरत्या गेटमधून पडला की एक क्लिक. आला की नाही, गेला की क्लिक. गेटात घुसला आणि मागे ढकलला गेला तर क्लिक नाही.

घड्याळ चार वाजून शून्य मिनिटं दाखवतं तेव्हा आकडा लिहा, साडेचारला परत लिहा, क्लिकर शून्यावर आणू नका, चालू आकडाच लिहीत जा. शून्यावर आणताना गर्दीत दहा-पंधरा माणसं हातची जातात आणि ती चूक नंतर सापडत नाही. वजाबाकी घरी करा.

कधीकधी आतून एकदम लोंढा सोडतात, मिनिटाला चाळीस-पन्नास, तेव्हा एकेक क्लिक जमत नाही. मग पाच-पाचचे गट धरा आणि वहीत त्या अर्ध्या तासापुढे "अंदाज" लिहा. हा शब्द लिहायला लाजू नका. अंदाजाला अंदाज म्हटलं की उरलेल्या आकड्यांवर विश्वास बसतो.

रांग मोजायला पूर्ण रांग मोजायची गरज नाही. गल्लीत दहा मीटरचा एक पट्टा डोळ्यांनी ठरवा, खांबापासून खांबापर्यंत, त्यातली माणसं मोजा, मग किती पट्टे भरलेत ते बघा. पण रांग गल्लीच्या बाहेर पडून रस्त्यावर पसरली की घनता बदलते, तिथला पट्टा वेगळा मोजा.

थांबण्याची वेळ

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, कारण माणूस विचारतो "किती वेळ थांबलात?" आणि समोरचा सांगतो "दोन तास", ते दोन तास खरेच असतात पण त्यात घरून निघाल्यापासूनचा वेळ, चहाचा वेळ, सगळं मिसळलेलं असतं. ते लिहा, पण वेगळ्या रकान्यात, "सांगितलेला वेळ" म्हणून.

मोजलेला वेळ काढायच्या दोन रीती. पहिली, माणूस धरायची: रांगेच्या शेपटीला नुकताच आलेला कुणी एक निवडा ज्याचं काहीतरी ओळखू येईल, लाल टोपी, पिवळी पिशवी, वेळ लिहा, तो मआतातून गेला की वेळ लिहा. दर अर्ध्या तासाला एक असा माणूस. जोडीदार पलीकडे, जेरुसलेमच्या बाजूला उभा असेल तर तोच माणूस बाहेर आल्याची वेळही मिळते आणि मग आतल्या एक्स-रे, ओळखपत्र, हाताच्या ठशाच्या खिडक्यांवर किती गेला हेही कळतं. लोक बाहेरची रांग बघतात आणि आतली विसरतात.

दुसरी रीत साधं गणित. रांगेतली माणसं भागिले मिनिटाला आत जाणारी माणसं. समजा सहाशे जण उभे आहेत आणि मिनिटाला वीस सोडतायत, तर आत्ता शेपटीला आलेल्याला तीस मिनिटं. गेट मध्येच वीस मिनिटं बंद झालं तर पन्नास. दोन्ही रीतींची उत्तरं जवळपास आली तर नोंद पक्की. फार लांब गेली तर बहुतेक लोक रांग तोडून गजांवर चढून पुढे उतरतायत, जे तिथे रोज होतं, आणि ते पण लिहा, कारण माणूस साडेतीनला गजावर का चढतो हे आकड्यातच आहे: सात वाजता मुकादमाची गाडी निघून जाते, मग त्या दिवसाची मजुरी नाही.

बंद-चालूची नोंद मात्र मिनिटाला मिनिट हवी. गेट बंद झालं, वेळ. उघडलं, वेळ. कारण सांगितलं तर कारण, नाही तर "कारण सांगितलं नाही". महिनाभराच्या वह्या समोर ठेवल्या की एकट्या पहाटेला न दिसणारं दिसतं, म्हणजे रविवारी आठवडा सुरू होतो तेव्हा काय होतं, पाळी बदलते तेव्हा काय होतं, एकच खिडकी चालू असते तेव्हा काय होतं. रमजानचे शुक्रवार वेगळ्या वहीत, कारण त्या दिवशी जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीत नमाजाला जाणाऱ्यांची गर्दी आणि वयाचे नियम सगळंच वेगळं असतं, ते नेहमीच्या सरासरीत मिसळलं तर दोन्ही बिघडतं.

परत पाठवलेल्यांकडे थांबून विचारा. त्या काळात वेस्ट बँकमधल्या ५५ च्या वरच्या पुरुषांना आणि ५० च्या वरच्या बायकांना परमिटशिवाय जाता यायचं, तर एखाद्या साठीच्या माणसाला का परत पाठवलं हा प्रश्न नोंदीचा होता. "सिक्युरिटी" एवढंच सांगितलं असेल तर तेवढंच लिहा, आणि त्याला विचारा की इर्तिबातचा नंबर हवाय का, वकील देणाऱ्या संस्थेचा हवाय का. हवा असेल तरच द्या.

सैनिकांची वागणूक: क्रियापद लिहा, विशेषण नको

हा भाग मी सावकाश लिहितेय कारण इथेच राग येतो आणि रागाने वही खराब होते.

"सैनिकाने म्हाताऱ्याला अपमानास्पद वागणूक दिली" हे वाक्य कामाचं नाही. कामाचं हे: "०४:४७. खिडकी क्रमांक ३. अंदाजे सत्तरीचा पुरुष, काठी. सैनिक हिब्रूत बोलला, माणसाने अरबीत दोनदा विचारलं. सैनिकाने हाताने मागे जा अशी खूण केली. माणसाने पट्टा काढला, परत गेला, मशीन वाजलं. बूट काढायला लावले. चार वेळा मशीनमधून गेला. ०४:५६ ला सोडला." वाचणारा स्वतः ठरवेल की हा अपमान होता का. तो ठरवेल, आणि तो ठरवतो म्हणूनच पटतं.

प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक अक्षर: प म्हणजे मी पाहिलं, ऐ म्हणजे माझ्या कानांनी ऐकलं, सां म्हणजे कुणीतरी सांगितलं. हे तीन कधी मिसळायचे नाहीत. भाषा येत नसेल तर "बोलला, समजलं नाही, आवाज चढलेला" असं लिहा, अर्थ लावू नका.

याचं महत्त्व नोव्हेंबर २००४ मध्ये नाब्लुसजवळच्या बेत इबा चेकपॉइंटवर दिसलं. एक पॅलेस्टिनी माणूस सैनिकांसमोर व्हायोलिन वाजवतोय, मागे रांग थांबलेली, हे माखसोम वॉचच्या एका कार्यकर्तीने कॅमेऱ्यात घेतलं. ते छापून आल्यावर इस्रायलमध्ये खळबळ उडाली, कारण ज्यूंच्या मनात छळछावणीतल्या वादकांची आठवण अजून जिवंत आहे, त्या चित्राने थेट तिथेच हात घातला. मग वाद सुरू झाला की त्याला वाजवायला सांगितलं होतं का. तो म्हणाला सांगितलं होतं, सैन्याने म्हटलं की त्याने आपणहून वाजवलं, आम्ही फक्त पेटी तपासत होतो. चित्र तेच, पण सगळं भांडण त्याआधीच्या एका वाक्यावर, जे रेकॉर्डमध्ये नव्हतं. म्हणून प्रसंग सुरू व्हायच्या आधीपासून कान द्या. कोण आधी बोललं, कुठल्या शब्दात. शेवट सगळ्यांनाच दिसतो, सुरुवात फक्त तुमच्यासारख्या रोज उभ्या राहणाऱ्यालाच दिसते.

चांगलं वागलेलंही लिहायचं, त्याच रकान्यात, तेवढ्याच तपशिलात. एका पहाटे एका सैनिकाने डायलिसिसला निघालेल्या बाईसाठी स्वतः धावत जाऊन मानवतावादी गेट उघडलं, ते आम्ही वेळेसकट लिहिलं. काही सहकाऱ्यांना ते आवडलं नाही, त्यांचं म्हणणं की यातून व्यवस्था चांगली दिसते. मला उलट वाटतं. त्या बाईचं दवाखान्यात पोचणं एका पोराच्या मनावर अवलंबून होतं, हे त्या नोंदीतून जेवढं कळतं तेवढं शिवीगाळीच्या नोंदीतून नाही कळत.

सैनिकाचं नाव शोधू नका, चेहरा टिपू नका. युनिटची खूण दिसली, सीमा पोलीस की लष्करी पोलीस की खासगी सुरक्षावाला, ते लिहा, ते पुरे, कारण तक्रार कुठल्या दाराशी न्यायची हे त्यावरून ठरतं. चौथ्या जिनिव्हा कराराचं २७वं कलम म्हणतं की ताब्यातल्या प्रदेशातल्या माणसांना कायम माणुसकीने वागवायचं, प्रतिष्ठेला धक्का लागता कामा नये. ती जबाबदारी ताबा ठेवणाऱ्या सत्तेची आहे, खिडकीतल्या एकोणीस वर्षांच्या पोरावर बोट ठेवून ती सत्ता मोकळी होता कामा नये.

आणि हे माझं स्वतःचं. एका सकाळी मी पलीकडे जाताना खिडकीतल्या मुलाने पासपोर्टवर जन्मगाव मुंबई वाचलं आणि म्हणाला माझी आजी अलिबागकडची, घरी मराठी बोलते. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. दिमोना, अश्दोद, लोद इकडे आपली मराठी बोलणारी ही माणसं आहेतच, पण त्या काचेमागून तो शब्द ऐकून माझ्या पोटात काहीतरी हललं. त्याने मला हसून सोडलं. पाच मिनिटांनी त्याच लेनची खिडकी बंद झाली, वीस मिनिटं, आणि मागे माणसं तशीच उभी. त्या दिवशी रिपोर्ट लिहिताना माझा हात दोनदा अडला, एकदा त्याला सोडून द्यावंसं वाटलं म्हणून आणि एकदा सोडून द्यावंसं वाटल्याच्या रागात जास्त कडक लिहावंसं वाटलं म्हणून. शेवटी जोडीदाराने लिहिलं. तोच नियम करून टाका: मन अडकलं की पेन्सिल दुसऱ्याच्या हातात.

मध्ये पडायचं का

पहिला नियम, तुमच्यामुळे रांग एका माणसानेही हळू होता कामा नये. तुम्ही सैनिकाशी वाद घालता, तो चिडून गेट बंद करतो, तुम्ही संध्याकाळी खोलीवर परत जाता आणि मजुरी जाते रांगेतल्याची. हे मी होताना पाहिलंय, माझ्याच गटातल्या माणसाकडून, आणि नंतर एका मजुराने आम्हाला शांतपणे येऊन सांगितलं की उद्या ओरडू नका.

फोन करायचा. समन्वय कार्यालयाची मानवतावादी हेल्पलाइन असते, तिथे कळवायचं: कुठलं गेट, किती वाजल्यापासून बंद, किती बायका-मुलं खोळंबलीत. आवाज सपाट ठेवा. फोनची वेळ, काय उत्तर मिळालं, त्यानंतर किती मिनिटांनी गेट उघडलं, तिन्ही लिहा. कधी उघडतं, कधी नाही, दोन्ही नोंदीच आहेत. सैनिकाशी बोलायचंच तर प्रश्नच विचारा, "मानवतावादी गेट किती वाजता उघडणार?" आरोप नको.

फोटोबद्दल: टर्मिनलच्या आत मनाई असते, पाळा. बाहेर काढलात तर पाठीकडून, रांग दिसेल चेहरे नाही. इथे फोटोत दिसलेल्या माणसाचं परमिट जाऊ शकतं आणि परमिट गेलं की घर बसतं. कॅमेऱ्याची ताकद मोठी आहे हे खरं, मार्च २०१६ मध्ये हेब्रॉनला जमिनीवर जखमी पडलेल्या माणसाला सैनिकाने गोळी घातली ती बेत्सेलेम या मानवी हक्क संघटनेच्या स्थानिक कार्यकर्त्याच्या कॅमेऱ्यामुळेच कोर्टापर्यंत गेली आणि शिक्षा झाली, पण तो प्रसंग वेगळा आणि रोजची रांग वेगळी.

दगड सुरू झाले, अश्रुधूर सुरू झाला की नोंद थांबवा, वाऱ्याच्या उलट दिशेला निघा, डोळे चोळू नका, कॉन्टॅक्ट लेन्स लावून कधीच जाऊ नका. निघाल्याची वेळ लिहा.

परत आल्यावर

झोपायच्या आधी लिहून काढा. डोळ्यांत वाळू असते, तरी लिहा, दुपारपर्यंत ०४:४७ चं पावणेपाच होतं आणि संध्याकाळपर्यंत "पहाटे कधीतरी". दोघांनी आधी वेगवेगळं लिहायचं, मग जुळवायचं, जिथे जुळत नाही तिथे दोन्ही ठेवायचं. नावं, परमिट नंबर, गावाचा नेमका पत्ता मूळ वहीतच नको, "माणूस १, बाई २" असंच. मूळ वही जपून, टाइप केलेली प्रत वेगळ्या जागी.

आकडे संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाकडे, पत्रकारांकडे, वकिलांकडे जातात. ते कार्यालय वेस्ट बँकमधले अडथळे मोजतं, २०२३ च्या सुरुवातीला ६४५ होते, २०२५ च्या सुरुवातीला ८४९. ऑक्टोबर २०२३ नंतर बहुतेक मजुरांची परमिटं थांबवली गेली, आधी दीड लाखाच्या आसपास लोक कामाला पलीकडे जात होते, आता ज्या गल्लीत मी उभी राहायचे तिथे तशी गर्दी नाही, आणि गर्दी नाही म्हणजे बरं झालं असं कुणी समजू नये. मोजणी आता गावांच्या तोंडाशी बसवलेल्या लोखंडी गेटांवर सरकली आहे, तिथे रांग गाड्यांची, ॲम्ब्युलन्सची. रीत तीच, फक्त माणसांऐवजी गाड्या, आणि ॲम्ब्युलन्ससाठी स्वतंत्र रकाना: आली, अडली, सुटली.

काही लोक म्हणतात की असं निरीक्षण करून तुम्ही नाक्यालाच जरा सुसह्य करता, तो कायमचा करता. माखसोम वॉचच्या बायका आपसात हा वाद वर्षानुवर्षं घालत आल्यात. मला यात खरं दिसतं. म्हणून रिपोर्टच्या वर आम्ही दर वेळी एक ओळ लिहायचो की हा चेकपॉइंट कुठे आहे, कारण त्या भिंतीचा बहुतांश ठरलेला मार्ग वेस्ट बँकच्या आतून जातो आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २००४ मध्येच आतला भाग बेकायदेशीर म्हटलाय. रांग वेगाने सरकली तरी ती ओळ काढायची नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक चहावाला असायचा, काअक म्हणजे तिळाचा कडीसारखा पाव आणि उकडलेली अंडी पण ठेवायचा. सात वाजले की गर्दी ओसरायची, आम्ही वही मिटायचो, तो चहाचा कागदी पेला पुढे करून रोज एकच विचारायचा, "कद्देश अल्-योम?" आज किती? मी क्लिकर त्याच्यासमोर धरायचे, तो चष्मा वर करून आकडा वाचायचा, मान हलवायचा, आणि कालचा आकडा स्वतःच सांगायचा, पाठ असल्यासारखा.